एक्केचाळीस नंबरचा जोड

भाच्याने वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सरकवला, नंबर ठोकायचा पोलादी पंच उचलला आणि पाइपच्या जोडाशेजारी हातोडीने दोन आकडे ठोकले. चार आणि एक. आकड्यांवरून अंगठा फिरवून पाहिला आणि पंच मामांच्या हातात ठेवला.

"जपून ठेव. तुझा आहे."

"माझाच ना अजून? मला वाटलं, तूच घेऊन टाकलास."

भाचा हसला. मामाही हसले, पण पंच ठेवायला त्यांना खिशाचे तोंड दोनदा चाचपावे लागले.

त्या कारखान्यात प्रत्येक वेल्डरला नंबर होता. ज्याने जोड भरला त्याने शेजारी आपला नंबर ठोकायचा. मग जोडाचा एक्स-रे निघायचा, आणि फिल्मवर मोहरीएवढा काळा ठिपका दिसला तरी जोड परत यायचा आणि त्या नंबराच्या नावावर लागायचा. मामांचा नंबर एक्केचाळीस, भाच्याचा अठ्ठावन्न. दोघेही कंपनीच्या व्हिसावर आलेले. कंपनीने दर तीन वर्षांनी पत्र दिले तर राहायचे, नाही दिले तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, असा तो व्हिसा. मामांना इथे येऊन पंधरा वर्षे झाली होती. सहा वर्षांपूर्वी मॅनेजरचे डोके खाऊन त्यांनी बहिणीच्या मुलाला आणवले, आणि पहिला हिवाळाभर त्याचे मनगट धरून त्याला शिकवले. हात थरथरला की मनगटावर टिचकी बसायची.

आता भाच्याचा हात थरथरत नव्हता. मामांचाही नव्हता. घोडे अडले होते ते डोळ्यांपाशी.

दीड वर्षापूर्वी मामांच्या नजरेत मधोमध एक डाग आला. कडेचे सगळे दिसायचे. भिंत दिसायची, छपराच्या पट्ट्या दिसायच्या, समोरच्या माणसाचे कानसुद्धा दिसायचे. नेमके ज्याच्याकडे बघावे ते मात्र गायब. रजेवर घरी गेले तेव्हा डॉक्टर म्हणाला, डोळ्याचा पडदा सुकत चाललाय, चष्म्याने काही व्हायचे नाही. मामांनी हे मामींना सांगितले नाही. भाच्याला सांगायची वेळच आली नाही. परतल्यावर एका सकाळी त्याने मामांना रॉड पाइपवर टेकवायच्या ऐवजी हवेत टेकवताना पाहिले आणि एक अक्षर न बोलता त्यांची जागा घेतली. त्या दिवसापासून मामांच्या वाटणीचे अवघड जोड तोच भरायचा आणि वर एक्केचाळीस ठोकायचा. मामा पाइप घासून द्यायचे, जुळवून द्यायचे. ते हातांच्या सवयीने जमायचे. मुखवटे आणि कातडी अंगरखे चढवले की कोण मामा आणि कोण भाचा, हे त्यांच्या आयांनाही ओळखता आले नसते.

राहता राहिली दरवर्षीची डोळ्यांची तपासणी. वेल्डरच्या परवान्याला ती लागायचीच, आणि परवान्याशिवाय व्हिसा नव्हता. एक जाड कार्ड हातभर अंतरावर धरायचे आणि त्यावरची तीन बारीक वाक्ये वाचायची. कार्ड कित्येक वर्षे तेच होते. भाच्याने स्वतःच्या तपासणीच्या वेळी ती वाक्ये लक्षात ठेवली आणि मामांकडून पाढ्यांसारखी घोटून घेतली. जहाज संध्याकाळी बंदरात आले. खलाशांनी दोर बांधले. कप्तानाने दिवा लावला आणि घरी पत्र लिहिले. परक्या भाषेतली ती तीन वाक्ये म्हणून मामा गेल्या वर्षी पास झाले होते.

पंच खिशात ठेवला त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरने मामांना बोलावले.

"यंदा वरून एकाच व्हिसाची मंजुरी आलीय," मॅनेजर म्हणाला. त्याला वाईट वाटत होते आणि ते लपवता येत नव्हते. "बाहेरून आलेल्यांपैकी एकच वेल्डर ठेवता येईल. मी कोणाचं तोंड बघून ठरवलेलं नाही. आकडे काढले." त्याने कागद मामांपुढे सरकवला. मामांना त्यावर एक पांढरा धूर दिसला. त्यांनी मान हलवली.

"एक्केचाळीस. दीड वर्षात एकशे बारा जोड आणि एकही परत नाही. असं मी या कारखान्यात पाहिलेलं नाही. आता तुम्ही जोड भरायचेच नाहीत. नव्या पोरांना शिकवायचं. आणि यंदापासून या व्हिसावर बायकामुलांनाही आणता येतं."

"आणि अठ्ठावन्न?" मामांनी विचारले.

"तो दुसरा आहे. चार जोड परत आलेत त्याचे. वाईट नाही, पण तुमच्यापुढे..." मॅनेजरने हात पसरले. "शुक्रवारी डोळ्यांची तपासणी उरकून या, मी पत्रावर सही करतो. तुमचं काही कारणाने नाही जमलं, तर पत्र त्याला जाईल. पण तुमचं का जमणार नाही?"

संध्याकाळी खोलीत भाचा कांदा चिरत होता. मामा खाटेवर बसले होते. सगळे सांगून झाले होते आणि भाच्याने "छान झालं की" असे तीनदा म्हटले होते. तिसऱ्यांदा ते अगदीच पोकळ वाजले.

"तुझे चार जोड परत कसे रे आले?" मामांनी विचारले. "तुझा हात असा नाही. मीच घडवलाय तो."

"घाई झाली."

"माझ्या जोडांना नाही झाली घाई?"

भाच्याने सुरी खाली ठेवली. "तुझ्या नंबराचा जोड असला की मी तीन-तीनदा बघायचो, मामा. डाग निघाला असता तर तुझ्या नावावर लागला असता. पंधरा वर्षांचं नाव आहे तुझं. माझ्यासाठी मग वेळ कमी उरायचा. माझं काय, घासला आणि पुन्हा भरला."

मामांना त्या पोराचा राग आला आणि त्याला पोटाशी धरावेसेही वाटले, आणि यातले काहीच न करता ते उशीचा अभ्रा सरळ करत राहिले.

"मॅनेजरला खरं सांगतो," ते शेवटी म्हणाले.

"सांग की. खोटा नंबर ठोकला म्हणून दोघांनाही एकाच विमानात बसवतील. खिडकीची जागा तू घे, मी मधे बसतो."

"थट्टा सुचतेय तुला."

"मग काय करू? तू राहा. मामीने एकोणीस वर्षांच्या संसारात तुला किती महिने पाहिलंय, मोजलंस कधी? आम्ही तरणे आहोत. बघू काहीतरी."

त्या बघू काहीतरीत काय होते, ते मामांना ठाऊक होते. घराकडे काम नव्हते, म्हणजे पुन्हा एखाद्या परक्या देशात एकट्यानेच जायचे. भाच्याची पोरगी अडीच वर्षांची. तो गेल्या रजेत घरी गेला तेव्हा ती त्याच्या कडेवर बसून रडली आणि आईकडे फोन मागू लागली, बाबाशी बोलायचंय म्हणून. हे त्याने हसत हसत सांगितले होते आणि मग बराच वेळ नळाखाली तोंड धुतले होते.

मामींचा फोन आला तेव्हा बातमी त्यांच्या कानावर आधीच गेली होती. भाच्यानेच कळवली होती.

"अहो, थंडी किती असते तिकडे?" मामींचा आवाज वीस वर्षांनी लहान झाला होता. "मी एक स्वेटर पाहून ठेवलाय. तपकिरी. की त्याने नाही भागायचं?"

"सवय होते," मामा म्हणाले.

"तुमच्या खोलीला खिडकी आहे ना हो?"

"आहे."

"मग झालं," मामी म्हणाल्या.

शुक्रवारी दोघांनी अर्धी सुट्टी घेतली. बसमध्ये भाचा मामांच्या कानाशी लागला.

"म्हण."

मामांनी तिन्ही वाक्ये म्हटली. जहाज आले, दोर बांधले, दिवा लागला, पत्र लिहून झाले. एक उच्चारही चुकला नाही.

"पुन्हा म्हण. आणि भराभरा नको. वाचल्यासारखं थांबत थांबत म्हण."

मामांनी पुन्हा म्हटली, थांबत थांबत. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिले. भाचा खूश झाला आणि त्याने मामांच्या मनगटावर टिचकी मारली.

तपासणीच्या खोलीत गेल्या वर्षीचीच नर्स होती. पिकलेल्या केसांची, सावकाश बोलणारी. भाचा बाहेर बाकावर थांबला. तिने मामांना खुर्चीत बसवले, दिवा वळवला आणि कार्ड पुढे धरले. कार्डाच्या कडा मामांना दिसत होत्या, हाताळून काळपट झालेल्या. तिची बोटे दिसत होती. मधे काही नव्हते.

"वाचा," ती म्हणाली.

"जहाज संध्याकाळी बंदरात आले," मामा म्हणाले. "खलाशांनी दोर बांधले."

ती वाट पाहत राहिली. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते मामांना दिसत नव्हते, पण त्याची टिकटिक ऐकू येत होती.

"पुढे?"

"दिसत नाही."

"घाई नाही. जरा जवळ धरू का?"

"नको."

नर्सने कार्ड थोडे खाली केले. "गेल्या वर्षी तर मी कार्ड नीट धरायच्या आत तुम्ही सगळं वाचून मोकळे झाला होतात." ती हे आरोपासारखे म्हणाली नाही. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "एकच वाक्य राहिलंय. एक कप्तान आहे त्यात. आठवून बघा."

मामांच्या ओठांशी ते वाक्य तयार होते. दिवा, पत्र, सगळे. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून धरले.

"बाई, मला मधोमध काहीच दिसत नाही," ते म्हणाले. त्या डॉक्टरनंतर हे ते पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते, आणि तेही परक्या भाषेत.

नर्सने कार्ड टेबलावर पालथे ठेवले. "असं लिहिलं तर परवाना जाईल. ठाऊक आहे ना?"

"हो. लिहा."

तिने पेन उचलले. "किती दिवस झाले?"

दीड वर्ष म्हटले असते, तर एकशे बारा जोड कोणी भरले, हा प्रश्न आज ना उद्या निघालाच असता.

"चार-पाच दिवस," मामा म्हणाले. "गेल्या सोमवारपासून."

नर्सने त्यांच्याकडे बघितले असावे. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, नुसते पिकलेले केस दिसत होते. मग पेनचा आवाज आला. तिने सोमवारच लिहिला, आणि मोठ्याने वाचूनही दाखवला.

मामा बाहेर आले तसा भाचा ताडकन उठला.

"झालं? नीट म्हटलंस ना?"

"दोर बांधेपर्यंत आलो. पुढचं आठवेना."

"तुला आठवेना?" भाचा बघतच राहिला. "बसमध्ये तर दोनदा..."

"वय झालं रे."

"मामा, माझ्याकडे बघून सांग."

"कसा बघू?" मामा म्हणाले.

भाचा म्हणाला, "आणि मामीला काय सांगणार?"

"सांगेन, थंडी फार आहे म्हणून. तिला सोसायची नाही."

दोघे दारापर्यंत आले. बाहेर लख्ख ऊन होते. मामा उंबरठ्यावर थांबले. दीड वर्षात कारखान्यात, बसमध्ये, जिन्यावर, कुठेही त्यांनी भाच्याचा हात धरला नव्हता. चारचौघांत दिसले तर बभ्रा होईल म्हणून ते पायानेच अंदाज घेत चालायचे. आता त्यांनी हात पुढे केला.

"पायऱ्या किती आहेत रे?"

भाच्याने डोळे पुसले आणि मामांचा हात आपल्या कोपरात घेतला.

"सात," तो म्हणाला. "सावकाश उतर."