पाहुणा जेवायला बसतो तेव्हा

जळगावच्या बसस्टँडवर जीवराम नारखेडे वाहतूक नियंत्रक होते. मूळ गाव असोदा, पण लग्नानंतर बिऱ्हाड शहरातच. दिवसभर खिडकीशी बसायचं, गाडी का आली नाही याची उत्तरं द्यायची, आणि जी गाडी आपण थांबवलेली नाही तिच्यासाठी शंभर लोकांच्या शिव्या खायच्या, असं ते काम. घरी आल्यावर या माणसाला फक्त हसायचं असे. सत्त्याऐंशी साली त्यांनी व्हिडिओ घेतला आणि त्यापाठोपाठ विनोदी मराठी सिनेमांच्या कॅसेटी जमवायला सुरुवात केली.

विनोदी म्हणजे कसले? तर ज्यांच्याबद्दल पेपरात कधी धड छापून आलं नाही असले. कुणी जावई बंबात लपतो, कुणी सासऱ्याच्या टोपीत पिठलं लपवतो, शेवटी सगळे एकमेकांमागे शेतातून पळतात. थिएटरला महिनाभर गर्दी आणि पेपरात चार ओळींची थट्टा. जीवराम म्हणत, बक्षिसाचे सिनेमे कुणीतरी जपेलच, त्यांना मोठमोठी माणसं आहेत. यांना कोण आहे?

कॅसेटी त्यांच्याकडे गाड्यांनीच येत. धुळ्याचा कंडक्टर एक आणी, चोपड्याचा दुसरी. काही धड, काहींना बुरशी. मग रविवारी सकाळी जीवराम ओट्यावर पंचा अंथरून बसत, स्क्रू काढून कॅसेट उघडत आणि फीत मऊ कापडानं इंच इंच पुसत. बायको सुनंदाबाई कुरकुर करी, कारण कपाटाचे दोन कप्पे गेले होते आणि तिसऱ्यातल्या पापडाच्या डब्यांवर संकट होतं. पण सिनेमा लागला की स्वयंपाकघरातून तिचंही हसू ऐकू येई.

हसत नसत ते एकटे भोळे सर. सुनंदाबाईंचे थोरले भाऊ, कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, आणि एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहीत. ‘पाहुणा उठेना’ नावाच्या सिनेमाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘हा चित्रपट पाहून ज्यांना हसू येईल त्यांनी आपली इयत्ता तपासून घ्यावी.’ जीवरामांनी तो सिनेमा तीनदा पाहिला होता आणि तिन्हीदा त्यांचं पोट दुखलं होतं. मेहुण्यापुढे ते काही बोलत नसत.

या सिनेमांत त्यांचा एक आवडता माणूस होता. नायक नव्हे. कधी आचारी, कधी दारू प्यालेला बँडवाला, कधी न सांगता आलेला पाहुणा. पाच-सात मिनिटं यायचा आणि जायचा. सिनेमाच्या सुरुवातीला सगळी नावं होऊन गेली की शेवटी एकटंच येई, ‘आणि पुना’. आडनाव नाही, गाव नाही. शहाऐंशी साली तो वारला, ते जीवरामांना वर्षभरानं कळलं, तेही एका पोस्टर रंगवणाऱ्याकडून. पुनाचे सिनेमे एकूण अकरा असा त्यांचा हिशेब होता. ब्याण्णव सालापर्यंत दहा हाती लागले होते. राहिला तो नेमका ‘पाहुणा उठेना’. थिएटरातून गेल्यावर तो कुठे दिसेनासा झाला होता.

एके दिवशी भडगावच्या गाडीवरचा कंडक्टर निंबा गाडीची नोंद करता करता बोलून गेला, की साहेब, तुमच्या त्या पुनाची थोरली बहीण आमच्या गल्लीत राहते, यशोदाबाई नाव.

जीवराम त्याच आठवड्यात सुट्टी टाकून भडगावला गेले. यशोदाबाई साठीच्या पुढची, विधवा, अंगणात कापसाच्या वाती वळत बसलेली. जीवरामांनी आपण कोण ते सांगितलं, तुमच्या भावाचे दहा सिनेमे माझ्याकडे आहेत, असंही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. तिनं त्यातला एकही पाहिला नव्हता. घरातल्या कुणी पाहिला तर तिच्यासमोर बोलायचं नाही, असा नियम होता. पाणी दिलं, चहा दिला, आणि त्या विषयावर मला काही बोलायचं नाही, असं स्वच्छ सांगितलं.

जीवराम उठले. चपला घालत होते तेवढ्यात ती मागून म्हणाली, “मराना टाइमले त्याना जोडे कोन व्हतं?”

मरताना त्याच्याजवळ कोण होतं, हे जीवरामांना माहीत नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, हे त्यांना गाडीत बसल्यावर सुचलं, पण तेव्हा सुचलं नाही ते बरंच झालं. कारण त्या खऱ्या उत्तरावर बाई जरा सैल झाली. तिनं सांगितलं, की जायच्या वर्षभर आधी पुनानं गावच्या एका माणसाबरोबर निरोप पाठवला होता. अक्का, माझं काहीच पाहू नको, पण तो पाहुण्याचा सिनेमा एकदा पाहा. हिनं मनाची तयारी करेपर्यंत टुरिंग टॉकीजनं तंबू हलवला होता. नंतर भाऊच गेला.

त्या दिवसापासून अकरावी कॅसेट ही जीवरामांची हौस राहिली नाही. त्यांनी प्रत्येक गाडीबरोबर चिठ्ठी दिली. अमळनेर, शिरपूर, नंदुरबार, नवापूर. तीन महिने काही नाही. मग धुळ्याच्या एका ड्रायव्हरनं निरोप आणला, की दोंडाईचाला स्टेशनजवळ धना म्हणून एक जण आहे, त्याच्या लायब्ररीत ती कॅसेट होती. होती म्हणजे काय ते तिथे जाऊनच पाहा.

जीवराम सुरत पॅसेंजरनं दोंडाईचाला उतरले. धनाची लायब्ररी मोडण्याच्या बेतात होती. गावात केबल आली होती, भाड्यानं कॅसेट नेणारं कुणी उरलं नव्हतं. आता तो लग्नाचं शूटिंग करी, आणि कोऱ्या कॅसेटी महाग म्हणून जुन्या सिनेमांवरच लग्नं भरी. ‘पाहुणा उठेना’वर त्यानं नुकतंच एक लग्न भरायला घेतलं होतं. एका हळदीचं काम झालं होतं, लग्नाचं राहिलं होतं. म्हणजे नवरदेवाकडच्यांनी गडबड केली असती तर संपलंच होतं.

जीवरामांनी त्याला पुनाची आणि त्याच्या बहिणीची सगळी हकिगत सांगितली. धना ऐकत राहिला. मग म्हणाला, “मी तर फक्त रिकामी कॅसेट बघतो हो. आत कोण आहे ते कधी बघितलं नाही.” त्यानं ती कॅसेट दिली, बदल्यात एक कोरी घेतली, आणि हळदीवाल्यांची समजूत मी काढतो, म्हणाला. जीवरामांनी हळदीची नक्कल त्यांना पाठवायचं कबूल केलं आणि पुढच्या आठवड्यात पाठवलीही.

निंबाबरोबर भडगावला निरोप गेला. उत्तर आलं नाही. जीवरामांनी पुन्हा विचारलं नाही. आणि मग एका रविवारी दुपारी यशोदाबाई आपली आपण गाडीत बसून आली, पत्ता विचारत विचारत दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात शेवयांची पिशवी. घरात नेमके भोळे सर जेवायला आलेले. जीवरामांना अवघडल्यासारखं झालं. पण आता कुणाला उठ म्हणणार? सुनंदाबाईनं पाहुणीला हात धरून आत आणलं आणि भिंतीशी लोड लावून दिला.

कॅसेट लागली. पहिली पंचवीस मिनिटं दोंडाईचाची हळद. बायका गाताहेत, नवरदेव लाजतोय, एक म्हातारा कॅमेऱ्याकडे टक लावून पाहतोय. यशोदाबाईला वाटलं सिनेमा असाच असतो. तिनं ते सगळं नीट पाहिलं, नवरदेव चांगल्या घरचा दिसतो म्हणाली. जीवराम पुढे सरकवायला उठत होते, सुनंदाबाईनं डोळ्यानंच दटावलं.

हळद संपली आणि सिनेमा अर्ध्या वाक्यातच सुरू झाला. पुना आला तो मध्यंतरानंतर. गबाळा पाहुणा, हातात पिशवी, कुणी बस म्हणायच्या आत पाटावर बसलेला. पुढे ताट येतं. तो आधी भाकरी हातात तोलून पाहतो. मग ती कानाशी नेतो, जणू आतून काही ऐकू येणार आहे. मोडतो, पहिला तुकडा ताटाबाहेर ठेवतो, ठेच्याला बोट लावून ते बोट डोळे मिटून चाटतो, मान एकदा डावीकडे हलवतो, आणि मग असा जेवतो की घरातली सगळी माणसं कामं सोडून बघत बसतात. थिएटरात याच जागी शिट्ट्या पडायच्या.

जीवरामांना हसू येत होतं, पण ते टीव्हीकडे बघत नव्हते. यशोदाबाई लोड सोडून पुढे सरकली होती. पदर खांद्यावर आला होता.

“आसाच खाये मना बाप,” ती म्हणाली. “हाऊ मना बाप शे.”

आणि ती हसायला लागली. आधी तोंडाला हात लावून, मग हात काढून. दोघा भावंडांचे वडील सालदार होते, दिवसाकाठी एकदाच जेवत, आणि त्या जेवणाचा असा सोहळा करत की पोरं आपली भूक विसरून बघत राहत. पुना तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला एवढं सगळं लक्षात राहिलं असेल, हे तिच्या कधी ध्यानीमनी नव्हतं.

“अजून एकदाव दखाडा.”

जीवरामांनी फीत मागे नेली. तिनं तो भाग चार वेळा पाहिला. चौथ्यांदा रडली, आणि रडता रडता तिनं ते सांगून टाकलं. तिच्या लग्नानंतर पुना दरवर्षी भाऊबीजेला येई. एका वर्षी तिच्या सासरच्या पंगतीत दीर-नणंदांनी त्याला नाच्या म्हणून चिडवलं, आम्हाला हसवून दाखव, मग वाढतो, म्हणाले. पुनानं बहिणीकडे पाहिलं. “मी काहीच बोलनू नही,” यशोदाबाई म्हणाली. तो हसून उठला, ओवाळणी पाटाखाली ठेवली आणि गेला. परत आला नाही. तिला वाटे, भाऊ आपल्यावर रागावून मेला. रागावलेला माणूस असा निरोप कशाला पाठवील, असं सुनंदाबाई म्हणाली. त्यावर यशोदाबाईनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला. तिचा चेहरा उतरलेला नव्हता.

मग तिची नजर भोळे सरांकडे गेली. इतका वेळ ते खुर्चीत बसून होते. हे कोण म्हणून तिनं विचारलं. जीवराम काही बोलायच्या आत सरांनीच सांगितलं, मी सिनेमांवर लिहितो.

“तुमीन हाऊ सिनेमा देखेल शे का?”

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. “मध्यंतरापर्यंत,” ते म्हणाले.

“मंग तुमीन त्याले जेवतांना देखंच नही,” यशोदाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. या बिचाऱ्याचं काहीतरी राहून गेलं, एवढंच तिला वाटलं. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या महिन्यात त्यांनी साप्ताहिकात पुनावर अर्धं पान लिहिलं. सिनेमा चांगला आहे असं काही त्यांनी म्हटलं नाही, ते त्यांच्यानं झालं नसतं. पण पुनाचं गाव, बापाचं नाव आणि ते जेवण, सगळं लिहिलं, आणि मी मध्यंतराला उठलो होतो हेही लिहिलं.

यशोदाबाई नंतर दर पंधरा दिवसांनी येऊ लागली. एका खेपेला एक सिनेमा. कुठे हसायचं ते तिचं तिनं ठरवलेलं असे, आणि सुनंदाबाईला ती मध्येच सांगे, हे मामाचं चालणं आहे, ही आमच्या गल्लीतल्या तांबटाची बोलण्याची तऱ्हा. जीवराम ते वहीत उतरवून ठेवत. अकरावा झाला त्या दिवशी तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून एक जुनं पोस्टकार्ड काढलं. पुनाचं होतं. नवऱ्यानं तिला कधी वाचून दाखवलं नव्हतं, आता पुतण्यानं वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की आम्ही धुळ्याला आहोत, पांझरेच्या पुलाखाली शूटिंग आहे, मला धोब्याचं काम मिळालं आहे.

अकरांपैकी कशातही पुना धोबी नव्हता.

पुढच्या बुधवारी जीवराम आणि यशोदाबाई धुळ्याला होते. उन्हं चढली होती. पुलाजवळच्या तीन दुकानांत विचारून झालं. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याला ते शूटिंग आठवत होतं. एक जण दिवसभर पाण्यात उभा राहून धोतर आपटत होता, म्हणे, आणि कामं सोडून आलेला काठावरचा सगळा गाव हसत होता. कॅसेट मात्र त्याच्याकडे नव्हती. त्या सिनेमाचं नावही त्याला नक्की सांगता येईना. साक्रीच्या एका लायब्ररीवाल्यानं त्याच्याकडचा जुना माल घेतला होता, त्यात असली तर असेल.

जीवरामांनी यशोदाबाईकडे पाहिलं. थकली असेल, पुन्हा कधी येऊ, असं म्हणणार होते. तिनं पदर नीट केला होता आणि ती दुकानाची पायरी उतरत होती.

“साक्री आठून कितलं लांब शे?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली.