सहीआधीची फेरी

हिमानीला सोळावं लागलं तेव्हा तिने बापाकडे नवा मोबाइल मागितला नाही, सही मागितली. घोड्यावरून कुंपणं ओलांडत धावायच्या शर्यतीचं शिक्षण घ्यायचं होतं तिला. आईची, म्हणजे चारुताची सही कधीच झाली होती. पण कागदावर दोन्ही पालक हवे होते. शिवाय नियम असा, की सही करणाऱ्याने आधी अख्खं मैदान पायी फिरून बघायचं.

म्हणून २०२१च्या जूनमध्ये हरीश मास्क लावून आइंडहोवनहून आर्नहेमजवळच्या त्या नावाजलेल्या मैदानावर लेकीसोबत हजर झाला. चिप बनवायच्या यंत्रांत केसाच्या हजाराव्या भागाची चूक शोधणारा हा माणूस. पण रेसकोर्स म्हणजे पुण्यातली सकाळी चालायला जायची जागा, एवढीच त्याची माहिती.

डच प्रशिक्षिका मराइकेबाई दीड मीटर अंतर राखून इंग्रजीत समजावत होत्या. कुंपणं चौदा, उड्या एकोणीस. आठवं एकदाच, तिसरं दोनदा. वाट आधी डावीकडे, मग स्वतःलाच छेदून उजवीकडे. त्यात कोरोनामुळे पाहुण्यांसाठी रंगवलेले बाण नेमके उलट्या दिशेने! हरीशने वहीत नकाशा काढला, खोडला, पुन्हा काढला. डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी छातीइतकं उंच, पलीकडे पाणी असलेलं एक कुंपण दाखवून तो म्हणाला, "सगळ्यात धोक्याचं हेच ना?"

"छे! इथे घोडाच जपून असतो. मुलं पडतात ती तिसऱ्यावर. ते छोटं दिसतं ना, म्हणून. हिमानीही नोव्हेंबरमध्ये चाचणीच्या फेरीत तिथेच पडली. त्या फेरीला आईची एकटीची सही पुरली होती."

हरीश जागीच थबकला. नोव्हेंबरमध्ये लेकीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता खरा. पण ती तर सायकलवरून पडली होती! घराजवळच्या सायकलच्या रस्त्यातला खड्डा त्याने टेपने मोजला होता, फोटो जोडून नगरपालिकेला दोन पानी तक्रार केली होती. तीन आठवड्यांत रस्ता गुळगुळीत झाला, तेव्हा त्याने तिथल्या मराठी मंडळाच्या झूम कॉलवर सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं होतं.

"आईला माहीत होतं?" त्याने हिमानीला विचारलं.

"आईनेच हॉस्पिटलला नेलं, बाबा. मी सांगणार होते, रिअली. पण तू त्या खड्ड्याचं इतकं मनावर घेतलंस, मग सांगताच येईना."

हरीशला राग आला आणि लाजही वाटली. जास्त काय, ते त्याला कळेना. मराइकेबाईंनी कागद पुढे केला. सहीच्या वर छापलं होतं: मला मैदान दाखवण्यात आले असून ते मला समजले आहे.

त्याने पेन खिशात टाकलं. "मला काहीही समजलेलं नाही."

हिमानीचा चेहरा पडला.

"पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला. "पण आता तू दाखव. आणि तिसऱ्यापाशी थांबायचं. कशी पडलीस, किती दुखलं, सगळं सांगायचं."

हिमानीने त्याच्या हातातली वही काढून घेतली आणि बाणांच्या उलट दिशेने चालू लागली.