सोमवारची नाडी

आलेल्या पत्राला उत्तर न देणं ग्रंथपालांच्या स्वभावात नव्हतं. नोकरीत असताना हरवलेल्या पुस्तकाबद्दल रागानं लिहिलेल्या पत्रालाही ते तिसऱ्या दिवशी उत्तर धाडत. बेकरीवाल्याचं पत्र मात्र चार महिने शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात दडून बसलं होतं. तो खंड उघडायची वेळ येऊ नये म्हणून ग्रंथपाल हल्ली अडलेल्या शब्दांच्या वाटेलाही जात नसत.

पत्र तसं लहान होतं. शेजारच्या गावात बेकरी चालवणाऱ्या एका अनोळखी माणसाचं. कागदाच्या कोपऱ्यावर पीठ लागलेल्या अंगठ्याचा ठसा होता. त्यानं लिहिलं होतं:

"तुमचा लेख वाचला. मीही लांब पल्ल्याचं धावतो. आठ वर्षांपूर्वी सिगार सोडला होता. तुमचं वाचून पुन्हा सुरू केला, तुमच्यासारखाच, फक्त रविवारी एक. बायको भांडत होती, तिला तुमचा तक्ता दाखवला तेव्हा गप्प झाली. एकच विचारायचं होतं. माझा सोमवार फार वाईट जातो. तुमचा कसा जातो?"

लेख म्हणजे धावणाऱ्यांच्या मंडळाच्या त्रैमासिकातली दोन पानं. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेल्या माणसानं एकसष्टाव्या वर्षी लिहिलेली पहिलीच दोन पानं. निवृत्तीनंतर बुटांचे बंद बांधताना पोट आडवं येऊ लागलं, तसे ते धावायला लागले. आधी कोपऱ्यापर्यंत, मग पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि दोन वर्षांत रविवारी वीस किलोमीटर. धावून आलं की अंघोळ करून मागच्या अंगणातल्या बाकावर बसायचं आणि एक सिगार पेटवायचा. सिगारला सत्तर मिनिटं लागत. अंग दमलेलं, पाय जड, डोकं हलकं, आणि तोंडात लाकडासारखी, थोडी कोको पावडरीसारखी चव. आयुष्यात इतकं निवांत त्यांना कधी वाटलं नव्हतं. घाई केली तर सिगार जीभ भाजतो आणि घाई केली तर पहिले दहा किलोमीटर पाय भाजतात, असं त्यांनी लेखात लिहिलं होतं. सगळ्यांना ते फार आवडलं. लेखाखाली सकाळच्या नाडीचा तक्ता होता, मंगळवार ते रविवार. ठोके चोपन्न ते छप्पन्न. या वयाला कुणीही हेवा करावा असे.

सोमवार तक्त्यात नव्हता, कारण मंडळानं छापलेल्या सराववहीत तो नव्हता. सोमवारच्या जागी आडवी रेघ आणि 'विश्रांती' एवढाच शब्द. रकानाच नाही तर भरायचं काय?

आणि सोमवारी सकाळी ग्रंथपालांना खोकला येई. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागे. छातीत कुणीतरी जड पुस्तक ठेवल्यासारखं वाटे. संध्याकाळपर्यंत ते उतरे, मंगळवारी नाडी चोपन्न भरे, आणि ते चोपन्न त्यांच्या वळणदार अक्षरात वहीत जाई.

उत्तर लिहायला ते दहा-बारा वेळा तरी बसले असतील. 'बरा जातो' हे खोटं होतं. 'वाईट जातो' म्हटलं तर लेख खोटा ठरत होता. शेवटी, आपलं लिहिलेलं कोण एवढं मनावर घेतो, अशी समजूत घालून त्यांनी पत्र शब्दकोशात सरकवलं.

मग एके दिवशी त्रैमासिकाचा संपादक घरी आला. तो पेशानं दातांचा डॉक्टर. शर्यतींच्या वेळी शिट्टी फुंकायचं काम त्याच्याकडे असल्यामुळे सगळे त्याला शिट्टी म्हणत.

"ग्रंथपालसाहेब, दुसरा लेख हवा," तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. "लोक मागतायत. तुम्ही आता आमचे वजनदार लेखक."

"वजन कमी करायलाच धावायला लागले होते ना हे?" चहा घेऊन येत ग्रंथपालांच्या पत्नी म्हणाल्या.

शिट्टी खो खो हसला. "वहिनी, तुम्हाला कल्पना नाही. शेजारच्या गावचा तो बेकरीवाला आहे ना, त्यानं यांचा लेख भट्टीशेजारच्या भिंतीवर चिकटवलाय. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलंय त्यानं. मी म्हटलं, अहो, तुमचा श्वास बोलतानाच शिट्टी वाजवतोय, माझी गरजच नाही! तर म्हणतो कसा, ग्रंथपाल करतात तसंच सगळं करतोय, त्यांना काही होत नाही."

ग्रंथपालांनी कपबशी खाली ठेवली.

"शर्यत कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"सहा आठवड्यांनी. लेख मात्र महिन्याच्या आत द्या हं."

शिट्टी गेल्यावर पत्नी कप उचलता उचलता थांबल्या. "अहो, तोंड असं का उतरलं? कौतुकच करून गेला की."

ग्रंथपालांनी शब्दकोश काढला आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. पत्नींनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"चार महिने?"

"हं."

"आणि तुमचा सोमवार कसा जातो ते मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचं कॅलेंडर बघता. दर सोमवारी. एवढं काय असतं हो त्या कॅलेंडरात?"

ग्रंथपाल हळूच म्हणाले, "पण तो सिगारचाच परिणाम कशावरून? वीस किलोमीटर धावल्यावर कुणाचाही दुसरा दिवस वाईट जाईल. मी उगाच काहीतरी लिहायचो आणि तेही चुकीचं निघायचं."

"मग मोजा. वेगवेगळं करून मोजा."

"मी मोजलं तर मला हवं तेच मोजीन."

"आणा हात इकडे," पत्नी म्हणाल्या. "मी मोजते."

पहिल्या रविवारी ते नेहमीसारखे वीस किलोमीटर धावले आणि सिगार ओढला. सोमवारी उठल्या उठल्या पत्नींनी मनगट धरलं आणि नजर घड्याळावर ठेवली. सत्तर. दुसऱ्या रविवारी ते धावले, पण सिगार ओढला नाही. बाकावर सत्तर मिनिटं नुसते बसले. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून शेवटी बाकाचे वर आलेले खिळे ठोकून बसवले. ती सत्तर मिनिटं वीस किलोमीटरांपेक्षा लांब वाटली. सोमवारी अठ्ठावन्न. जिना एका दमात चढले आणि वर पोचल्यावर त्यांना आनंद न होता भीतीच वाटली.

तिसऱ्या रविवारी धावायला सुट्टी आणि सिगार. पहिला झुरका नेहमीसारखाच गोड लागला, हेच त्यांना जास्त लागलं. 'धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा,' असं लेखात त्यांनी ठसवून सांगितलं होतं. आज स्वतःवर लक्ष ठेवून बसल्यावर त्यांना दिसलं की दर पाच-सहा झुरक्यांनंतर एक झुरका गुपचूप खाली उतरत होता. कधीपासून उतरत होता, कोण जाणे. धावून आलेली, हवेला भुकेलेली छाती तर किती ओढून घेत असेल!

सोमवारी सहासष्ट.

"तीनच सोमवार झाले," ते म्हणाले. "एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. हवामानाचा फरक असेल. माझी झोप नीट झाली नसेल. अजून दोन-तीन महिने..."

"अहो," पत्नींनी त्यांचं मनगट सोडलं नव्हतं, "तुम्हाला शंका काढायच्या असतील तर जन्मभर काढा, मी ऐकत आलेच आहे. पण तोवर त्या माणसानं काय करायचं? भिंतीवरचं वाचत पळायचं?"

ग्रंथपाल उठून टेबलापाशी गेले. पहिल्या मसुद्याला चार पानं झाली. त्यात नाडीचा इतिहास होता, दोन ठिकाणी क्षमा होती आणि सोमवार तिसऱ्या पानावर येत होता. त्यांनी तो फाडला. दुसऱ्यात सोमवार दुसऱ्या पानावर आला. तोही फाडला. मग एका साध्या कागदावर लिहिलं:

"माझा सोमवार वाईट जातो. पहिल्यापासून जातो. खोकला येतो, जिन्यात थांबावं लागतं. नाडी सत्तर भरते. सिगार न ओढता धावलो तर अठ्ठावन्न, न धावता सिगार ओढला तर सहासष्ट. हे माझ्या पत्नीनं मोजलं आहे, त्यामुळे विश्वास ठेवायला हरकत नाही. तक्त्यात सोमवार नव्हता, कारण सराववहीत नव्हता, आणि वहीत नव्हता म्हणून तो मला दिसला नाही."

इथवरचं त्यांनी पुन्हा वाचून पाहिलं. मग पुढे लिहिलं:

"हे शेवटचं वाक्य खरं नाही. मला दिसला होता. तुमचं पत्र जवळजवळ पाच महिन्यांपूर्वीच मिळालं होतं, हेही खरं. शर्यतीआधी छाती डॉक्टरांना दाखवा. ते नको म्हणाले तर धावू नका. लेख भिंतीवरून काढा आणि हे पत्र घरी तुमच्या पत्नींना वाचायला द्या. त्यांचं बरोबर होतं."

शिट्टीसाठी त्यांनी दुसऱ्या कागदावर तीन ओळींचं शुद्धिपत्र लिहिलं. त्याला लेख हवा होता, हे मिळाल्यावर तो काय म्हणेल याची कल्पना त्यांना होती. आता मंडळातले लोक आपल्याला बघून कुजबुजतील, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. कपाटातल्या डब्यात अजून तीन सिगार होते. त्यांचं काय करायचं हे ठरलं नव्हतं.

"पत्र मी टाकून येऊ का?" पत्नींनी दारातून विचारलं.

"नको. मीच जातो."

टपालपेटी चढावर होती. निम्म्या वाटेत दम लागला, तेव्हा ग्रंथपाल दिव्याच्या खांबाला हात टेकून थांबले आणि यावेळी कशाकडे बघितल्याचं सोंग केलं नाही. वर पोचल्यावर त्यांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासला, तिकीट नीट चिकटलंय का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरलं आणि अजून थोडं धरून ठेवलं.

मग सोडलं. आत ते पत्र्यावर पडल्याचा आवाज आला.