चौथा गोळा

फेब्रोनियाने जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चपला काढल्या आणि झोपलेल्या लेकीला खांद्यावर सावरत ती गच्चीवर आली. पुरतं उजाडलं नव्हतं. नाईलवरचं धुरकट धुकं कबुतरखान्याभोवती घुटमळत होतं आणि खालची खजुराची झाडं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत होती.

तिने परातीवरचं फडकं एका बोटाने उचललं.

काल थेंबाची रात्र होती. देवदूत मिखाईलच्या विनवणीने आभाळातून एक थेंब पडतो आणि नदी चढू लागते. त्या रात्री घरातल्या प्रत्येकाच्या नावाने कणकेचा गोळा उघड्यावर ठेवायचा. सकाळी ज्याच्या गोळ्याला भेग, त्याला आयुष्य. सासूने तीनच ठेवले होते. स्वतःचा, सुनेचा, नातीचा.

"आणि विस्साचा?" फेब्रोनियाने विचारलं होतं.

"तो घरात आहे का?"

विस्सा लिबियात बांधकामावर गेला होता. ईस्टरपासून त्याचा फोन नव्हता. सासूची पाठ वळल्यावर फेब्रोनियाने नवऱ्याच्या नावाचा चौथा गोळा गुपचूप परातीच्या कडेला ठेवला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली ती. कणीक का फुगते हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तीन गोळे भेगाळले होते. चौथा अंड्यासारखा गुळगुळीत.

इकडेतिकडे बघून तिने त्याच्यावर अंगठा टेकवला.

"हात काढ तिथून."

सासू, दमियाना, तेलाची बाटली घेऊन जिन्यात उभी होती. तिची नजर परातीवरून फिरली आणि कडेला थांबली.

"कॉलेजात हेच शिकवतात का गं? देवाची परीक्षा घ्यायला?"

"तीन तर तुम्हीच ठेवलेत, आई."

"आपण इथे आहोत, एकमेकींना दिसतोय." दमियाना हळूच खाली बसली. "त्याचा ठेवायची माझी छाती झाली नाही, पोरी."

तिने बाह्या सारल्या, डोळे मिटले आणि चारही गोळे एकात एक मळायला घेतले. मनगटावर गोंदलेला निळा क्रूस कणकेत बुडत होता, वर येत होता. ओठ हलत होते: प्रभू, दया कर. प्रभू, दया कर. बराच वेळ फक्त तेवढाच आवाज, आणि कबुतरांचा.

"बसलीस काय? आज मिखाईलचा सण. सणाची भाकर, फतीर, गरम गरम शेजारी गेली पाहिजे. पोरीला दे माझ्याकडे, भट्टी पेटव."

भाकर भट्टीतून निघाली तेव्हा ऊन कठड्यावर आलं होतं. वर लाकडी ठशाने उमटवलेल्या क्रुसातून एक रुंद भेग आरपार गेली होती. फेब्रोनिया वाकून बघत राहिली. कुणाचा गोळा कुठे संपतो, काही कळत नव्हतं.

"तोड आता. आधी घरचे चार बाजूला काढ, मग वाट."

फेब्रोनियाने मधला तुकडा मोडायला घेतला.

"तो नको," सासू म्हणाली. "त्याला कडेचा लागतो. खरपूस."