रिंगनाथ महाराजाची सरकी

आंजीच्या शाळेच्या बास्केटबॉल मैदानावर सारं गाव लोटलं होतं. रिंगखाली आसन टाकून रिंगनाथ महाराज बसलेले. समोर दोन थाळ्या अन् सरकीचं गाठोडं.

"बच्ची का हाथ बंधा हुआ है!" महाराज गरजले.

बच्ची म्हणजे आमच्या शेजारची समीक्षा. महाराजानं तिच्या हातात बाधा सांगितली, तवापासून आठ दिवस तिले कोणी पास देत नव्हतं. सोमवारी जिल्ह्याच्या टीमची निवड. पोट्टी एकटीच खेळे अन् मी गच्चीवरून पाहे. बायको गेल्यापासून माह्या घरातही बोलाले कोणी नाई.

महाराजानं तिले तीन पॉइंटच्या लाइनीमागून दहा बॉल टाकाले लावले. चार बसले. दर बास्केटले थाळीत सरकीचा एक दाणा. मग हाताले भस्म, कानात मंत्र, अन् "अब आओ, प्रभु के चरणों में!" म्हणत तिले रिंगजवळ आणलं. दहातले पाच बसले. दुसऱ्या थाळीत पाच दाणे.

"चमत्कार!" शंख वाजला. कोच प्रेमदास सरानं पायच धरले. "समीक्षा, आता लांबून टाकू नको, नाईतर टीममध्ये घेणार नाई."

पोट्टीचा चेहरा उतरला. मी उठलो.

"सर, लांबच्या बास्केटले पॉइंट किती?"

"तीन."

"जवळच्याले?"

"दोन."

"मंग दाणा एकच काऊन?"

लोक खिदळले. "बसा हो रूपरावभाऊ! विहिरीत रेडिओ सोडून भुताचा आवाज काढणारे तुम्हीच ना!"

खरं होतं. तीस वर्षं गावाले बनवलं. आज खरं बोललो, तर बाजूले एक माणूस नाई.

समीक्षा मात्र थाळीजवळ बसली. गाठोड्यातून दाणे काढून मोजू लागली. "काका, चार त्रिक बारा. पाच दुने दहा." भस्माच्या थाळीत दोन दाणे कमी!

"भगवान हिसाब नहीं देखता!" महाराज ओरडले.

"पंच पाहते, महाराज," पोट्टी म्हणाली.

सरानं दाणे दोनदा मोजले. घाम पुसला. मग खिशातून सोमवारच्या निवडीची यादी काढून समीक्षाचं नाव लिहिलं. "लाइनीमागूनच टाकजो."

भस्मानं काहीच झालं नव्हतं. रिंग जवळ आली म्हणून एक बास्केट वाढलं, अन् महाराजानं जवळचं-लांबचं एकाच मापानं मोजलं. बाबाहो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढं विचारा: मोजलं कसं?

गर्दी गुपचूप पांगली. पोट्टीसाठी टाळी कोणीच वाजवली नाई. मीच वाजवणार होतो. पण लोक म्हणाले असते, रूपराव पुन्हा थट्टा करून राह्यला.

तरी वाजवली.