पायांनी खाल्लेलं

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, वयाने बापासारखे असलेले मशीनकाकासुद्धा. जुन्या घरांतून, बंद पडलेल्या दुकानांतून उखडलेलं, जमिनीवर अंथरायचं व्हिनाइल गुंडाळ्या होऊन तिच्या लांबलचक टेबलावर यायचं आणि ती त्याची वाटणी करायची. वाटणीला शब्द दोनच. पलंगाखालचं, कपाटाखालचं, जिथे कधी पाऊल पडलं नाही ते ‘कोरं’. ते धुऊन, कडा सरळ करून पुन्हा विकायला जाई. आणि जिथे माणसं उभी राहिली, चालली, वावरली, ते ‘खाल्लेलं’. पायांनी खाल्लेलं. ते मागच्या शेडमधल्या ढिगावर, आणि दर गुरुवारी सकाळी मशीनकाकांच्या यंत्राच्या तोंडी. आत जाताना फुलाफुलांचं, बाहेर येताना राखाडी चुरा. त्याची मग जाड पायपुसणी होत.

बारा वर्षांत हात असा बसला होता की गुंडाळी उलगडायचा अवकाश, सुरी आपणहून कोऱ्याच्या कडेने धावू लागे. मशीनकाका म्हणायचे, ताईपुढे माणूस निजवला तर त्याचेही दोन ढीग करील. ती विचारायची, काका, तुम्ही कुठल्या ढिगात? ते म्हणायचे, मी सरळ यंत्रात, मला कशाला चाळत बसतेस.

एवढंच काय ते दिवसभराचं बोलणं. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर कुलूप उघडलं तर कुलपाचा आवाज आणि नळ सोडला तर नळाचा.

आई दोन महिन्यांपूर्वी गेली. आईची भाड्याची खोली महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. दादाचा लांबून फोन आला. त्याने दोनदा विचारलं, तू नीट जेवतेस ना, आणि मग म्हणाला, तुला हवं ते ठेव, बाकीचं काढून टाक, मला काही नको. तिला वाटलं होतं तो येईल. तसं तिने बोलून दाखवलं नाही, त्यामुळे त्याला कळायचं कारण नव्हतं.

रविवारी तिने एकटीने खोली आवरली. भांडी शेजारच्या काकूंना दिली, पलंग आणि कपाट भंगारवाल्याने नेलं. शेवटी राहिली जमीन. निळ्यावर पांढऱ्या फुलांचं व्हिनाइल, बाबा असताना घातलेलं. घरमालकाला खालची फरशी मोकळी हवी होती. ती गुडघ्यांवर बसली, कोपऱ्यातून पट्टा उचलला आणि सुरी काढली. रडू येईल म्हणून पदर खोचून बसली होती, पण हातात काम आलं आणि रडू मागे सरलं. तासाभरात जमीन उघडी झाली. पलंगाखालचा आणि कपाटाखालचा तुकडा तिने सुतळीने बांधून आपल्या खोलीवर आणला. बाकीचं सोमवारी कारखान्याच्या गाडीत टाकलं.

कोरा तुकडा तिने आपल्या शेगडीसमोर अंथरला. दोन दिवस तिला तो बघताना काहीतरी खुपत राहिलं. इतका गडद निळा रंग आईच्या घरात कधी नव्हताच. बुधवारी दुपारी, सुट्टीत जेवायला खोलीवर आली असताना, भाजी परतता परतता तिने खाली पाहिलं. पायाखाली सगळं गुळगुळीत, सपाट. आईच्या शेगडीसमोर तसं नव्हतं. तिथे फुलं पुसून दोन फिकट पावलं उमटली होती. तीस वर्षं आई तिथेच उभी राहिली होती.

ते ती ढिगावर टाकून आली होती. जिथे आई कधी उभी राहिली नाही तेवढंच नेमकं जपून घरी आणलं होतं.

गॅस बंद करून, भाजी तशीच कढईत ठेवून ती निघाली.

मशीनकाका शेडमध्ये यंत्राला तेल घालत होते. तिने सांगितलं. सांगताना तिची मान खालीच होती. शिकाऊ पोरीनेही केली नसती अशी चूक.

“शिकाऊ पोरीने नसतीच केली,” काका म्हणाले. “तिला कोरं-खाल्लेलं कळतंय कुठे? हे तुला न् मलाच व्हायचं.” मग त्यांनी ढिगाकडे पाहिलं. “उद्या आठला यंत्र सुरू होईल, ताई. ते माझ्या हातात नाही. गाडी चुरा न्यायला येते. तोवर ढीग तुझा.”

ढीग छातीइतका होता. आणि त्या काळी बाजारात बहुधा एकच नक्षी आली असावी, कारण निळ्यावर पांढरी फुलं ढिगात सगळीकडे होती. तिने एकेक गुंडाळी ओढून उलगडायला सुरुवात केली. शेगडीसमोरचा भाग निघाला की ती थांबायची. दोन फिकट पावलं. पुढच्या गुंडाळीतही दोन फिकट पावलं. त्याच्या पुढच्याही. बारा वर्षं हे तिच्या हाताखालून गेलं होतं आणि तिने एकदाही पाहिलं नव्हतं. घर कुठलंही असो, कुणीतरी बाई तिथे उभी होतीच.

ती चपला काढून त्या पावलांवर उभी राहू लागली. एक जोडी फार मोठी. एक फार लांब-लांब. दोन जोड्या अगदी आईच्या वाटल्या, मग दोन्ही नाही वाटल्या. आईचं पाऊल केवढं होतं, हेच तिला नक्की आठवेना. आजारपणात महिनाभर तिने ते पाय चेपले होते. तरी आठवेना. तेव्हा मात्र ती ढिगाच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावला. काका यंत्रामागे गेले आणि नसलेला स्क्रू शोधत राहिले.

उजेड उतरू लागला तशी तिने एक अर्धवट गुंडाळी पायाने सारली. तिरप्या उजेडात, फिकट पावलांच्या उजवीकडे, वीतभर अंतरावर तीन खळगे दिसले. कपाटाचे असते तर चार असते. ती खाली वाकली. बोट घालून पाहिलं.

घरात तीन पायांचं एक बुटकं स्टूल होतं. शाळेतून आली की ती त्यावर बसायची, आईच्या अगदी पायाशी. आई म्हणायची, सरक गं, तेल उडेल. ती सरकायची नाही.

तेवढा तुकडा तिने कापला. या वेळी सुरी हळू चालवली, कोऱ्याच्या कडेने न धावता, चारही बाजूंनी भरपूर सोडून. काकांनी पाहिलं आणि सुतळी पुढे केली. आणि ती फाटकापाशी पोचल्यावर मागून म्हणाले, “ओल्या फडक्याने पूस. ब्रश नको मारू.”

खोलीवर तिने कोरा तुकडा काढून गुंडाळून भिंतीशी उभा केला. उद्या तो विक्रीच्या ढिगात जाईल. कुणाच्या तरी नव्या घरात. आईचा तुकडा तिने शेगडीसमोर नीट बसवला, फडक्याने पुसला. थकवा आला होता. म्हणून तिने कडेनेच दूध तापत ठेवलं आणि सवयीने शेगडीसमोर उभी राहायला गेली.

पाऊल पुढे पडेना. ती जागा मोकळी नव्हती.

मग ती खाली बसली, त्या तीन खळग्यांवर, गुडघे पोटाशी घेऊन. इथून शेगडीची फक्त खालची कडा दिसायची. लहानपणीही एवढीच दिसायची. तिने हात पुढे केला आणि फिकट पावलांवर ठेवला. व्हिनाइल गार होतं.

वर दूध चढत होतं. तिला आवाज कळत होता. कुणीतरी आता ‘दूध बघ गं’ म्हणेल म्हणून ती थांबली. दूध उतू गेलं, ज्योत फसफसून विझली, आणि तेव्हा ती उठून गॅस बंद करायला गेली, पावलांना वळसा घालून, बाजूने.