एकीकृत मंडळाचा माइक

लक्ष्मीकांत पुराणिकांनी एकतीस वर्षं रेडिओवर निवेदन केलं, पण माइकची वायर पुढे कशात जाते हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. ते काम काचेपलीकडच्या इंजिनिअरचं. यांनी घसा साफ करायचा, खूण झाली की बोलायचं आणि वर चहा प्यायचा. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही आणि माधवगंजात कुणी विचारलीही नाही. रेडिओवाला म्हणजे त्याला यंत्रातलं सगळं कळणार, असा लोकांचा समज होता आणि पुराणिकांना तो मोडवत नव्हता.

त्या वर्षी उत्तरेतल्या त्या जुन्या संस्थानी गावातली दोन मराठी मंडळं एक झाली. एक माधवगंजातलं, भिक्षुक आणि दरबारी कारकुनांच्या वंशजांचं, आणि दुसरं किला गेटचं, शिलेदारांच्या वंशजांचं. दोन्हीकडे सभासद इतके रोडावले होते की गणपतीला आरती म्हणायला माणसं हुडकून आणावी लागत. एकीकरण झालं खरं, पण सोडलं कुणी काहीच नाही. अध्यक्ष दोन, चिटणीस दोन आणि चहासुद्धा दोन तऱ्हेचा.

पहिलं काम मात्र निकडीचं निघालं. किला गेटच्या शांताताई मुलीच्या बोळवणीचं एक गाणं म्हणत. फौजेबरोबर दक्षिणेतून आलेल्या बायकांचं ते गाणं, चांगलं सोळा कडव्यांचं, आणि ते येणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. मंगळवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज परत येईलच असं डॉक्टर म्हणायला तयार नव्हते. म्हणून रविवारी सकाळी रेकॉर्डिंग करायचं ठरलं. एका देणगीदाराने दिलेला भारीतला स्टुडिओ माइक माधवगंजचा, कंप्यूटर किला गेटचा, शांताताईंचे भाचे जयसिंहराव यांच्या बैठकीतला. ठरावात तसं समसमान लिहिलं होतं. दोहोंच्या मध्ये काय लागतं, ते कुठल्याच बाजूला येत नसल्यामुळे कुणी लिहिलं नव्हतं.

पुराणिकांनी वायर आणली होती. एका टोकाला तीन पिनांचा जाडजूड गठ्ठा, दुसऱ्या टोकाला हेडफोनची असते तसली बारकी पिन. ती त्यांनी कंप्यूटरच्या मागच्या गुलाबी भोकात खुपसली आणि इंजिनिअर म्हणायचा तसं म्हणाले, "हं, होऊन जाऊ द्या."

शांताताईंनी पदर सारखा केला आणि गायला सुरुवात केली. पडद्यावरची, आवाज दाखवणारी हिरवी पट्टी जागची हलली नाही.

"कंप्यूटरमध्ये गडबड आहे," पुराणिक म्हणाले.

"कंप्यूटर बिलकुल ठीक आहे," जयसिंहराव म्हणाले. "सूनबाई रोज ह्याच्यावर क्लास घेते. तुमचा माइक बघून घ्या."

झालं. आता प्रश्न गाण्याचा राहिला नाही, कुणाच्या वस्तूत खोट आहे याचा झाला. पिन काढली, पुसली, पुन्हा घातली. "ताई, अजून एकदा." कंप्यूटर बंद करून चालू केला. "आत्या, जरा एकदा अजून." शांताताई बिचाऱ्या दर वेळी पहिल्यापासून म्हणत. गायला लागल्या की त्या अधेमधे थांबत नसत. ऐकायला इतकी माणसं जमली याचंच त्यांना कौतुक वाटत होतं. त्या गाण्यातल्या कन्येची बोळवण करत होत्या आणि त्यांच्या डोक्यावरून पुराणिक आणि जयसिंहराव हे दोन्ही चिटणीस वायरीवरून हमरीतुमरीवर आले होते.

तिसऱ्या खेपेला राजलक्ष्मी, जयसिंहरावांची सून, दारातून म्हणाली, "काका, ह्या माइकला अलग पावर लागते. मध्ये एक डबा बसवावा लागतो. नाही तर तोपर्यंत मोबाइलवर घेऊन टाका नं."

"मोबाइलवर?" पुराणिक दुखावले. "सूनबाई, मी एकतीस वर्षं ह्याच धंद्यात राहिलोय."

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. खोट माइकमध्ये आहे हे सिद्ध होत आलेलं असताना मधल्या डब्याचा विषय काढणं जयसिंहरावांनाही सोयीचं नव्हतं. त्यांनी पिन काढून पुन्हा पुसायला घेतली. राजलक्ष्मीने स्कूटीची चावी उचलली आणि ती कुणालाही न विचारता बाजारात गेली.

ती परतली तोवर दीड वाजून गेला होता. अकरा वेळा गाणं झालं होतं. शेवटच्या दोन-तीन खेपांना शांताताईंचा आवाज घासत होता, मध्येच तुटत होता. पुराणिकांना ते जाणवलं नाही. त्यांची नजर हिरव्या पट्टीवरून हलली नव्हती.

राजलक्ष्मीने डबा जोडला, त्याच्यावरचं एक बटण दाबलं. पट्टी टुणकन उडाली. बाहेर रिक्षा गेली, ती दिसली. कुणी खाकरलं, ते दिसलं. दोन्ही बाजू बरोबर ठरल्या, कुणाचीच वस्तू खराब निघाली नाही आणि बैठकीत टाळ्या पडल्या. दोन्ही अध्यक्षांनी चार-चार शब्द बोलून घेतले. ते फार स्वच्छ रेकॉर्ड झाले.

"हं ताई," पुराणिक खुशीत म्हणाले, "आता खरं."

शांताताईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, गळ्यावर हात ठेवला, पुन्हा म्हणून पाहिलं. राजलक्ष्मी झटकन जवळ जाऊन बसली. "आत्याबाई, राहू द्या. डॉक्टरांनी जोर द्यायला मना केलंय." बैठकीत कुणी कुणाकडे बघेना. इतकी लाज पुराणिकांना उभ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शांताताई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी पुराणिकांना खुणेने जवळ बोलावलं आणि माइक त्यांच्याकडे वळवला.

"तुम्ही म्हणा," त्या कुजबुजल्या. "सकाळपासून ऐकून राहिलात नं? चुकलं तर मी हाताने सांगीन."

पुराणिक खुर्चीवर बसले. त्यांनी पहिली ओळ म्हटली. घोटीव, भरदार आवाजात, सूरसुद्धा बरा लागला. शांताताईंनी मान डोलावली आणि पुढच्या ओळीसाठी हात उचलून धरला.

पुराणिकांना दुसरी ओळ येत नव्हती.